खळं उठल्यापासून मिरगापर्यंत

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवायची ती उन्हाळ्यातच. लाकूड उन्हानं वाळतं, आक्रसतं, आरे तुंब्यात हलू लागतात आणि धाव सैल होऊन चालत्या चाकावर खुळखुळते. मग लोहाराच्या नेहाईजवळ मोकळ्या जागेत गोवऱ्यांचं कडं रचायचं, त्यात धाव ठेवून पेटवायचं आणि ती लाल झाली की तिघाचौघांनी सांडशांनी उचलून चाकावर उतरवायची. पुठ्ठे पेटतात, धूर उसळतो, बाया-पोरं मागं सरतात आणि लगेच घागरीमागून घागर पाणी ओतलं जातं. लोखंड गार होताना आकुंचन पावतं आणि लाकडाचा सांधान् सांधा आवळून धरतं. सुताराला आणि लोहाराला या कामाचे पैसे त्या दिवशी मिळत नसत. त्यांचं बलुतं खळ्यावर धान्याच्या रूपात आधीच पोचलेलं असे. गावात कुणाच्या गाडीला नवी धाव चढली की शेजारीपाजारी एकच प्रश्न विचारत, ‘यंदा कुठली जत्रा?’

दख्खनच्या शेतकरी कुटुंबाचा उन्हाळा असा गाडीच्या चाकापासून सुरू व्हायचा. शहरातल्या माणसाला उन्हाळा म्हटलं की सुट्टी आठवते. शेतकऱ्याच्या घरात ‘सुट्टी’ हा शब्दच नव्हता. तिथे होता तो दोन कामांमधला अवकाश. शाळू, गहू, हरभरा खळ्यावर येऊन घरात पडला की एक काम संपे आणि मृग नक्षत्र लागून पेरणी सुरू झाली की दुसरं. मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनला लागतो, कारण नक्षत्रं सूर्यावर चालतात. गुढीपाडवा मात्र चंद्राच्या तिथीनं येतो आणि दरवर्षी मागंपुढं सरकतो. २०२३ साली पाडवा २२ मार्चला होता. तिथून ७ जूनपर्यंत ७७ दिवस हाती होते. २०२४ साली तो ९ एप्रिलला आला आणि तेच दिवस ५९ उरले. या साठ-पाऊणशे दिवसांत लग्नं, जत्रा, लेकीची बोळवण, बैलांची खरेदी-विक्री, घराची शाकारणी, विहिरीचा गाळ आणि वर्षाची बेगमी एवढं सगळं बसवायचं असे. शेतकरी दोन्ही पंचांगं एकाच वेळी सांभाळत होता: जत्रेला चंद्राचं, पेरणीला सूर्याचं.

जत्रांची जुनी रचना पाहिली की त्यातला हिशेब लक्षात येतो. महाराष्ट्रातल्या किती तरी मोठ्या यात्रा चैत्र शुद्ध पक्षात येतात आणि पौर्णिमेला टिपेला पोचतात. दिवसा चाळीस अंशांच्या उन्हात बैल जुंपणं म्हणजे जनावराचा जीव घेणं. त्यामुळे प्रवास रात्रीचा आणि रात्रीच्या प्रवासाला चांदणं हवं. नद्या आटलेल्या असतात, म्हणजे पूल नसले तरी गाडी वाळूतून पार होते. रानं मोकळी असतात, म्हणजे बांध ओलांडून सरळ वाट धरली तरी कुणाचं पीक तुडवलं जात नाही. देवाची तिथी आणि गाडीची सोय अशी एकमेकांत मिसळून गेली होती.

त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ साली निघालं. महसूल खात्यात काम करताना त्यांनी खेड्याची घडी जवळून पाहिली होती आणि वतनदार, बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते असा सगळा संसार त्यांनी त्यात मांडला. खेड्याचे दोन भाग असतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पावसाळा-हिवाळ्यात कुटुंबाचा जीव काळीत गुंतलेला असतो. पेरा, खुरपणी, राखण, काढणी. उन्हाळा हा काळीतली माणसं पांढरीत परतण्याचा काळ. माळ्यावर राखणीला राहणारा म्हातारा घरी येतो, गुराखी पोरगं दुपारी पारावर दिसू लागतं, आणि वर्षभर एकमेकांना बांधावरून हाका मारणारे भाऊबंद एका पंगतीला बसतात.

पाडव्याला नव्या वर्षाचा करार होई. सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, याच दिवशी नव्या घरी कामाला लागत असे किंवा जुन्या घरी नवी बोली करत असे. किती पायल्या धान्य, किती रुपये, कपड्याचे किती जोड, वहाणा कधी, हे सगळं चार माणसांसमक्ष ठरे. मराठवाड्यात आणि विदर्भात ही रीत अजून दिसते. खानदेशात हाच करार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला होतो. गड्याच्या कुटुंबाचा उन्हाळा धन्याच्या कुटुंबासारखा नव्हता, हेही इथे सांगायला हवं. जत्रेला गाडी निघायची तेव्हा धुरेवर बसून बैल हाकणारा बहुतेक वेळा हा सालगडीच असे, आणि त्याची बायको-पोरं मागं गावात मजुरीला जात.

गाडी निघण्याआधी घरातल्या बायकांचं काम कितीतरी पुढे गेलेलं असे. पहाटे गव्हाचा चीक शिजवायचा, सोऱ्यात घालून खाटेवरच्या धोतरावर कुरडया पाडायच्या. शेवयांसाठी गहू ओलवून, दळून, वस्त्रगाळ करून पीठ तिंबायचं आणि पाटावर वळत वळत बोटभर लोळीची केसासारखी तार काढायची. ज्वारीच्या पापड्या, खानदेशात बिबडे, कोहळ्याचे सांडगे, उडदाचे पापड. यातलं एकही काम एकटीनं उरकत नसे. आज एकीच्या अंगणात, उद्या दुसरीच्या, अशा पाळीनं आळीतल्या बायका जमत. चिंच फोडायची, मिरच्या कांडायच्या, धान्याला राख चोळून कडुनिंबाच्या पाल्यासह कणगीत भरायचं. पावसाळ्यात बाजाराला जायला वाट नसते, त्या चार महिन्यांचं जेवण वैशाखातल्या उन्हात वाळत पडलेलं असायचं. लेकराबाळांना राखणीला बसवलेलं असे. कावळे हाकायचे आणि अर्धवट वाळलेली कुरडई पळवायची, दोन्ही कामं त्यांचीच.

पुरुषांची कामंही थांबलेली नसत. शेणखताच्या गाड्या रानात नेऊन टाकायच्या, नांगरट करून ढेकळं उन्हात तापू द्यायची, धसकटं वेचायची, बांध घालायचे. ज्याचा एकच बैल त्यानं दुसऱ्याच्या बैलाशी सावड करायची. ज्याचं रान मोठं त्यानं इर्जिक घालायचं: गावातले सगळे नांगर एका दिवशी त्याच्या शेतात आणि संध्याकाळी सगळ्यांना त्याच्या घरी जेवण. पश्चिम महाराष्ट्रात कामाच्या बदल्यात काम देण्याच्या रीतीला वारंगुळा म्हणतात. रोख पैसा हातात नसलेल्या समाजानं श्रमाचा हिशेब कसा ठेवला, ते या शब्दांतून कळतं.

जात्यावर दळताना गायच्या ओव्यांत बाईच्या प्रवासाची सगळ्यात विश्वासू नोंद सापडते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुणे जिल्ह्यातून सुरू केलेल्या संकलनात महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतल्या एक लाखावर ओव्या जमा झाल्या. त्यांत माहेरची वाट आहे, भावाची गाडी आहे, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळेचा आवाज आहे, पंढरीची आणि जेजुरीची ओढ आहे. सरकारी दफ्तरात या बाया कुठेच नव्हत्या. १८८५ साली छापलेल्या बॉम्बे गॅझेटियरच्या सातारा आणि पुणे खंडांत गावोगावच्या जत्रांची माहिती आहे, देवळांची मापं आहेत. गाडीत पोर मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला त्या रात्री काय वाटलं ते मात्र ओवीतच मिळतं.

आता गाडी. रोजच्या कामाची गाडी वेगळी आणि माणसं न्यायची वेगळी. विदर्भात रेंगी, कुठे दमणी, कुठे छकडा. साध्या शेतकऱ्याकडे मात्र एकच गाडी असायची. कालपर्यंत तिच्यातून शेणखत वाहिलेलं असे. मग साटा धुवायचा, त्यात कडब्याच्या पेंढ्या अंथरायच्या, वर घोंगडं, त्यावर गोधडी. बांबूच्या कमानी बांधून वर ताडपत्री किंवा जाजम टाकलं की झालं छत. कडबा दोन कामं करायचा: जाताना गादी, मुक्कामाला बैलांची वैरण. आखाला वंगणाची नळी लटकलेली, तिच्याशेजारी कंदील, मागं पाण्याची छागल. शिदोरीत दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, लसणाची चटणी, कांदे, गूळ-शेंगदाणे. दशमी दोन-तीन दिवस टिकते म्हणून ती प्रवासाची भाकरी झाली.

भरल्या गाडीला जोडी तासाला तीनचार किलोमीटर चालायची. एका रात्रीत पंचवीस-तीस किलोमीटर झाले की भाग्य. म्हणून मुक्काम ठरलेले असत: एखादी बारव, नदीकाठचं देऊळ, वडाचं झाड. गावचे लोक एकट्यानं जात नसत. पाचदहा गाड्यांचा तांडा निघे. पुढच्या गाडीचे बैल वाट जाणणारे असत आणि मागच्या गाड्यांचे गाडीवान खुशाल डुलकी घेत. सकाळी ऊन चढायच्या आत सावली गाठायची, तीन दगडांची चूल मांडायची, बैलांना पाणी दाखवायचं, आणि उन्हं कलली की पुन्हा जुंपायचं.

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातला शिखर शिंगणापूरचा डोंगर हा या वाटांच्या मोठ्या ठिकाणांपैकी एक. शंभू महादेवाचं हे देऊळ भोसले घराण्याचं श्रद्धास्थान. चैत्र शुद्ध अष्टमीला शिव-पार्वतीचं लग्न लागतं आणि द्वादशीला कावडी चढतात. माण हा कायमचा कमी पावसाचा तालुका आणि तिथल्या देवाला सगळे भक्त नेतात ते पाणी. सासवडची भुतोजी तेली यांच्या नावाची मानाची कावड कऱ्हा नदीचं पाणी घेऊन येते आणि पायऱ्या नसलेल्या मुंगी घाटातून, उभ्या कड्यावरून, माणसांच्या हातांच्या साखळीनं वर चढवली जाते. दोरांचा आधार, दगडांच्या खाचा आणि ‘हर हर महादेव’चा गजर. घाटाखाली सोडलेल्या गाड्यांजवळ म्हाताऱ्या माणसांनी बैल राखायचे आणि तिथूनच मान वर करून कावड पाहायची. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी भोसले यांनी इथे यात्रेकरूंसाठी मोठा तलाव बांधवून घेतला. चैत्रात जमणाऱ्या एवढ्या माणसा-जनावरांना पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वीही तसाच होता.

त्याच दिवसांत पंढरपूरला चैत्री वारी असते. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांपैकी ही एक. अनेक गाड्या दोन्ही ठिकाणं एका फेरीत साधत. हरी आणि हर एकाच प्रवासात भेटले की दोन वेळा बैल दमवायला नकोत.

पौर्णिमेला कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीवर जोतिबाची यात्रा भरते. उंचच्या उंच सासनकाठ्या, दोन्ही बाजूंनी दोर धरून त्यांचा तोल सावरणारे गावकरी, हलगीच्या ठेक्यावर नाचणारा काठीवाला, आणि खोबरं-गुलालानं गुलाबी झालेला अख्खा डोंगर. सातारा जिल्ह्यातल्या पाडळीच्या सासनकाठीला पहिला मान. दवण्याचा वास आणि ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ हे दोन्ही घेऊन माणसं परततात. सांगली, सातारा, सोलापूर, मराठवाडा आणि उत्तर कर्नाटक इथून लोक पूर्वी गाड्यांनी आणि पायी येत. कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर आंघोळ करून डोंगराकडे वळायचं, ही त्यांची रीत. सांगलीच्या आटपाडी भागात खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा भरते आणि तिथे खिलार जनावरांचा बाजार असतो. पांढरंशुभ्र अंग, मागं वळलेली लांब शिंगं, चालायला चपळ असा हा बैल माणदेशानं घडवला. घरातली बैलजोडी निवडणं हा वर्षातला सगळ्यात मोठा सौदा. व्यापारी आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालून बोटांनी किंमत ठरवत. शेजारी उभ्या असलेल्याला भाव कळू नये म्हणून. याच बाजाराच्या कडेला चहाच्या पालात पोरीच्या सोयरिकीचीही बोलणी निघत. एरवी तीस कोसांवरचं घर कसं आहे, जमीन किती, सासू कशी, हे कळायचा दुसरा मार्ग नव्हता.

नाशिक जिल्ह्यात सप्तशृंग गडावर रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत चैत्रोत्सव असतो आणि खानदेशातून हजारो माणसं पायी गडाकडे निघतात. त्यानंतर पंधरवड्यानं वैशाख शुद्ध तृतीया येते, आणि खानदेशात सणांचा सण: आखाजी. इकडे देव गौण, लेक महत्त्वाची. सासरी गेलेल्या मुलीला आणायला माहेराहून मुराळी जातो. भाऊ नाहीतर चुलतभाऊ. घरी पितरांसाठी नवी घागर भरतात, तिच्यावर खरबूज ठेवतात. खापरावरची पुरणपोळी, सांजोऱ्या, आमरस. गल्लीतल्या कडुनिंबाला झोके बांधले जातात आणि लेकी गौराईची गाणी म्हणत झोका उंच चढवतात. बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) जळगावजवळच्या असोद्याच्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या या शेतकरणीनं आखाजीवर कविता रचली. त्यांची गाणी १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपानं आली आणि महाराष्ट्राला खानदेशातला हा झोका कळला.

मुराळी हा शब्द नीट पाहावा. बाईच्या उन्हाळी प्रवासाला कुणीतरी न्यायला येणं आवश्यक होतं. माहेरी बैल मेला असेल, भाऊ कर्जात असेल, सासरी लग्न निघालं असेल, तर ती गाडी येत नसे आणि ती पोर वेशीकडे डोळे लावून तो महिना काढत असे. म्हणूनच ओव्यांत भावाच्या गाडीला एवढं मोल आहे.

मोठ्या देवांच्या यात्रा संपल्या की गावची जत्रा. भैरोबा, म्हसोबा, खंडोबा, बिरोबा, मारुती, गावाचा जो देव असेल त्याची. वर्गणी, देवाला हळद, रात्री पालखीचा छबिना, सकाळी शेरणी, दुपारी कुस्त्यांचा हगामा. पहिली कुस्ती पोरांची, रेवड्यांवर, मग नारळावर, मग इनाम वाढत जातं आणि शेवटची जोड लागते तेव्हा ऊन कललेलं असतं. शाहू महाराजांनी १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभं केलं, पण त्या मैदानाला मल्ल पुरवले ते गावोगावच्या अशा ढेकळं फोडून केलेल्या आखाड्यांनी.

रात्री तमाशा. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात चैत्राच्या तोंडावर तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे येऊन सुपारी देतात: कुठल्या तारखेला, कुठला फड, किती बिदागी. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर याच मातीतल्या. त्यांच्या नावानं राज्य शासन आज जीवनगौरव पुरस्कार देतं. गण, गवळण, बतावणी, मग वग. रात्रभर घोंगडीवर बसून वग पाहिलेला शेतकरी पहाटे उठून धूळ झटकायचा आणि वर्षभर औतामागं त्यातले संवाद म्हणायचा.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या भागांत जत्रेचा खरा दिवस म्हणजे बैलगाडा शर्यतीचा. उतारावर आखलेल्या धावपट्टीला ‘घाट’ म्हणतात आणि एका धावेला ‘बारी’. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं या शर्यतींवर बंदी घातली. २०१७ साली राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं तो कायदा कायम ठेवला. बैलाच्या वेदनेचा प्रश्न खरा होता आणि अटी त्यासाठीच आल्या. त्या आठ वर्षांत या तालुक्यांत जत्रा भरल्या, पण घाट ओस होते आणि शर्यतीचे बैल सांभाळणाऱ्या घरांनी ते विकायचे की दावणीला ठेवायचे, हा निर्णय एकेका उन्हाळ्यात घेतला.

सगळेच उन्हाळे जत्रेचे नव्हते. १२ मे १८७५ हा पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावचा बाजाराचा दिवस होता. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी नेहमीसारखे जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हवी होती ती खतं आणि रोखे. ज्या कागदांवर त्यांच्या जमिनी गहाण होत्या ते कागद. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात चढलेला कापसाचा भाव कोसळला होता, सारा वाढवून ठेवला होता, आणि कर्ज फिटत नव्हतं. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला, पण त्याआधी १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ या भागावरून फिरून गेला होता. त्या उन्हाळ्यांत गाड्या निघाल्या त्या जत्रेला नव्हे. चारा-पाणी असेल तिकडे, जगायला.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण अजून जिवंत माणसांच्या बोलण्यात आहे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची. सुकडी आणि लाल मिलो खाऊन शेतकऱ्यांची घरंच्या घरं उन्हात राबली. बागायतदार, कोरडवाहू, भूमिहीन सगळे एकाच खडीच्या ढिगाशेजारी बसले. गावाच्या एकत्र येण्याचा हाही एक प्रकार होता. याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला.

दरम्यान चाकं बदलत गेली. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी अडीच फुटी रुळांवर धावू लागली, १९०६ साली ती पंढरपुरापर्यंत पोचली आणि दूरच्या शेतकऱ्याला कुर्डूवाडीला उतरून एका दिवसात विठोबा दिसू लागला. मग १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत ‘गाव तिथे एसटी’ झाली. जत्रेला जादा गाड्या सुटू लागल्या, टपावर कोंबड्या आणि करंड्या चढल्या. मुक्कामाच्या बारवा ओस पडल्या आणि लेक भावाची वाट न पाहता एकटी माहेरी येऊ लागली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्यानंतरच्या आखाजीला खानदेशातल्या स्थानकांवर जी गर्दी झाली तिच्यात मुराळी शोधून सापडला नसता.

माणसांचीही जाण्या-येण्याची दिशा बदलली. मुंबईच्या गिरण्यांत गेलेला साताऱ्याचा, कोल्हापूरचा शेतकरी गावकीच्या खोलीत वर्षभर राहायचा आणि रजा काढायचा ती जत्रेसाठी. गिरण्या बंद पडल्यावर माथाडी झालेल्यांनी तीच तारीख धरली. गावच्या यात्रा कमिटीत ‘मुंबईकर मंडळा’ची वर्गणी वेगळी लिहिली जाते. बीड, अहिल्यानगरच्या डोंगराळ भागांतली ऊसतोड कुटुंबं साखर कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, परमुलखात असतात. फाल्गुन-चैत्रात त्यांच्या गाड्या आणि ट्रॅक्टर गावात शिरतात, तेव्हाच तिथली लग्नं धरली जातात आणि सहा महिने कुलूप असलेल्या दारांसमोर पुन्हा सडा पडतो. त्यांच्यासाठी उन्हाळ्याचा प्रवास म्हणजे घराकडे परतणं.

२०२० आणि २०२१ साली कोरोनाच्या साथीमुळे चैत्र यात्रा झाल्या नाहीत. जोतिबाच्या डोंगरावर त्या पौर्णिमेला गुलाल उडाला नाही आणि नारायणगावच्या फडांना सुपाऱ्या मिळाल्या नाहीत. तमाशा कलावंतांनी त्या दोन उन्हाळ्यांत मोलमजुरी केली. २०२२ च्या चैत्रात सासनकाठ्या पुन्हा बाहेर निघाल्या.

आजही मे महिन्याच्या अखेरीस गावातली हालचाल बदलते. २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतं. पाहुणे उठतात, लेकीच्या पिशवीत कुरडया, शेवया, कैऱ्यांचं लोणचं भरलं जातं आणि स्टँडपर्यंत कुणीतरी सोडायला जातं. ज्यांच्याकडे अजून गाडी-बैल आहेत ते साट्यातली गोधडी झटकतात, बांबूच्या कमानी सोडून माळवदावर टाकतात आणि उकिरड्याजवळ गाडी लावतात. शेवटच्या दोन खेपा शेणखत अजून रानात जायचं असतं. नैर्ऋत्येला ढग दिसू लागलेले असतात, आणि चाकावरचा जोतिबाचा गुलाल अजून धुतलेला नसतो.